विंडोज एक्सपी सुरू होताना तीन-तीन 'एरर'च्या चौकटी येतात. फॉरमॅट मारावं का?

तुमच्या प्रश्नातलं मला जे कळलं ते असं: डीटीपीच्या (छपाईसाठी पानं जुळवण्याच्या) कामाचा एक्सपीवाला जुना संगणक आहे. चालू केला की डेस्कटॉप दिसेपर्यंत तीन चौकटी येतात. एकीत 'रनडीएलएल, एरर लोडिंग', दुसरीत 'द मेमरी कुड नॉट बी रेड', तिसरीत 'फेल्ड टू इनिशिअलाइज प्रॉपर्ली'. ओके-ओके करत पुढे गेलं की पेजमेकर उघडतो, पण प्रिंट मध्येच अडकते. दुरुस्तीवाला म्हणतो, रॅम बदला नाहीतर फॉरमॅट मारा.

इतक्यात फॉरमॅट मारू नका. एक्सपी परत टाकणं हा त्यातला सोपा भाग आहे. मराठी फॉन्टच्या पॅकेजची सीडी कुठे आहे? पॅरलल पोर्टला लावलेल्या त्याच्या लॉकचा (ज्याच्याशिवाय पॅकेज उघडत नाही त्या छोट्या डबीचा) ड्रायव्हर कुठे आहे? मदरबोर्डची सीडी? एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. तेव्हापासून या वस्तू मिळवणं दरवर्षी अवघडच होत गेलंय. म्हणून सगळ्यात आधी तुमच्या फाइली आणि फॉन्टचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, मग बाकीचं.

आता चौकटींकडे. बहुतेक लोक आतला मजकूर वाचतात आणि घाबरतात. खरं वाचायचं असतं ते वरच्या निळ्या पट्टीतलं नाव. कोणता प्रोग्राम पडला ते तिथे लिहिलेलं असतं. तीन-चार वेळा संगणक बंद-चालू करा आणि दर वेळी ते नाव कागदावर टिपा. रोज तेच नाव येत असेल तर दोष जवळजवळ नक्की सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज एक, उद्या दुसरं, परवा तिसरंच अशी नावं बदलत असतील तर मात्र रॅम, वीजपुरवठा किंवा हार्ड डिस्क यांच्यावर संशय घ्या. रॅमवर पैसे घालायचे की नाही, हे या कागदावरून ठरवा.

'मेमरी कुड नॉट बी रेड' या वाक्याने देशभरात किती रॅम विनाकारण विकली गेली असेल, देव जाणे. त्याचा अर्थ रॅमची पट्टी वाचता आली नाही असा नाही. प्रत्येक प्रोग्रामला विंडोज मेमरीचे काही पत्ते नेमून देतं. प्रोग्राम चुकून आपल्या हद्दीबाहेरच्या पत्त्यावर गेला की विंडोज त्याला तिथल्या तिथे बंद करतं आणि ही चौकट दाखवतं. चौकटीतला दुसरा आकडा नुसती शून्यं किंवा त्याच्या अगदी जवळचा असेल, तर प्रोग्रामने रिकामा पत्ता धरून काही वाचायला घेतलं होतं असं समजा. ही प्रोग्रामची चूक, किंवा त्याच्यात शिरलेल्या दुसऱ्या एखाद्या डीएलएलची (डीएलएल म्हणजे प्रोग्राम वापरतात ती जोडफाइल).

तुमची प्रिंट अडकते म्हणून माझा अंदाज असा की या चौकटीच्या पट्टीत 'स्पूलएसव्ही डॉट ईएक्सई' असेल. हा प्रिंट स्पूलर. प्रिंटला दिलेलं काम आधी डिस्कवर उतरवून घेणं आणि मग प्रिंटरकडे ढकलणं हे याचं काम. अर्धवट राहिलेली एखादी फाइल खराब झाली की संगणक चालू होताच स्पूलर ती उघडायला जातो आणि कोसळतो. पुढच्या वेळी पुन्हा तीच फाइल, पुन्हा तेच. उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्समध्ये सर्व्हिसेस उघडा, प्रिंट स्पूलर थांबवा. मग सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधलं सगळं पुसा. फक्त आतल्या फाइली, फोल्डर तसाच ठेवा. स्पूलर परत चालू करा.

तरीही पडत असेल तर प्रिंटरचा ड्रायव्हर बघा. प्रेसमधल्या संगणकावर आजवर आलेल्या प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर साठून राहिलेला असतो, कारण प्रिंटर डिलीट केला तरी ड्रायव्हर जात नाही. प्रिंटर्स अँड फॅक्सेस उघडा, फाइल मेनूत सर्व्हर प्रॉपर्टीज घ्या, तिथे ड्रायव्हर्सचा टॅब आहे. जे प्रिंटर केव्हाच भंगारात गेले त्यांचे ड्रायव्हर तिथून काढून टाका. ही जागा फार जणांना माहीत नसते, आणि प्रिंटची निम्मी दुखणी तिथेच दडलेली असतात असं माझं मत आहे.

'रनडीएलएल'वाली चौकट दिसते भीतीदायक, पण तीनांत सगळ्यात निरुपद्रवी तीच. पेनड्राइव्हमधून आलेला एखादा व्हायरस अँटीव्हायरसने पुसला, पण 'चालू होताना ही फाइल उघड' ही त्याने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) लिहून ठेवलेली आज्ञा तशीच राहिली. भाडेकरू गेला आणि त्याच्या नावाची पाटी दारावर राहिली, तसं. विंडोज रोज ती फाइल शोधतं आणि सापडत नाही म्हणून सांगतं. चौकटीत त्या फाइलचं नाव आणि बहुतेकदा पूर्ण पत्ताही असतो, तो लिहून घ्या. स्टार्ट, रन, एमएसकॉन्फिग. स्टार्टअप टॅबमधल्या कमांडच्या रकान्यात तोच पत्ता शोधा आणि त्याची खूण काढा. तिथे सापडला नाही तर सिसइंटरनल्सचं ऑटोरन्स हे फुकट साधन घ्या. एक्सपीवर चालणारी त्याची जुनी आवृत्ती लागेल. ज्यांची फाइलच जागेवर नाही अशा नोंदी ते पिवळ्या पट्टीत दाखवतं.

तिसऱ्या चौकटीत एक लांब कोड असतो. शेवटी १३५ असेल तर त्या प्रोग्रामला लागणारी डीएलएल सापडली नाही. एक्सपीवर बहुतेक वेळा त्याचं कारण डॉटनेट फ्रेमवर्क (अनेक प्रोग्रामना लागणारा मायक्रोसॉफ्टचा सामायिक पाया) नसणं किंवा मोडलेलं असणं हेच निघतं. ग्राफिक्स कार्डाची सेटिंग दाखवणारे, यूपीएसवर नजर ठेवणारे असे घड्याळाशेजारी बसणारे छोटे प्रोग्राम यामुळे रडतात. तो प्रोग्राम तुम्हाला हवाच असेल तर त्याला लागणारी डॉटनेटची आवृत्ती टाका (एक्सपीवर ४.० पर्यंतच चालते, तीही सर्व्हिस पॅक ३ असेल तर). नको असेल तर सरळ अनइन्स्टॉल करा. कोड १४२ वर संपत असेल तर डीएलएल सापडली, पण सुरू होताना कोलमडली. तिथे तो प्रोग्राम काढून परत टाकणं बरं. चौकटीत एखाद्या डीएलएलचं नाव दिसलं म्हणून ती एकटी फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवून सिस्टिम ३२ मध्ये टाकू नका. त्यातून नवा व्हायरस येण्याचीच शक्यता जास्त.

नावावरून काहीच उलगडा झाला नाही तर संगणक चालू होतानाच एफ ८ दाबून सेफ मोडमध्ये जा, म्हणजे विंडोज गरजेपुरतंच चालू होतं. तिथे चौकटी येत नसतील तर विंडोजचा पाया ठीक आहे, दोष आपोआप चालू होणाऱ्यांपैकी कुणाचा तरी आहे. परत नेहमीसारखं चालू करून एमएसकॉन्फिगमध्ये स्टार्टअपमधल्या निम्म्या खुणा काढा आणि रीस्टार्ट करा. चौकट गेली तर गुन्हेगार काढलेल्यांत, नाही गेली तर राहिलेल्यांत. मग ज्या निम्म्यांत गुन्हेगार आहे, त्यांचे पुन्हा निम्मे. वीस नोंदी असल्या तरी चार-पाच रीस्टार्टमध्ये नाव हाती येतं. सर्व्हिसेसच्या टॅबवरही हेच करता येतं, फक्त आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण करा. आणि फॉन्टच्या लॉकची सर्व्हिस दिसली तर तिला हात लावू नका. सेफ मोडमध्ये तुमचं मराठी पॅकेज उघडलं नाही तर तेही साहजिक आहे, लॉकचा ड्रायव्हर तिथे बहुधा चढत नाही.

त्याच एफ ८ च्या यादीतल्या 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन'वर लोकांचा फार विश्वास असतो. त्याने ड्रायव्हर आणि सर्व्हिसेसची नोंद मागे जाते. स्टार्टअपमधली यादी त्याने बदलत नाही. तुमच्या कामी ते येईलसं वाटत नाही. चौकटी कधीपासून येतात हे आठवत असेल तर सिस्टिम रिस्टोअरने त्याच्या आधीच्या तारखेला जाऊन बघा.

आणखी एक जागा: माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, इव्हेंट व्ह्यूअर, ॲप्लिकेशन. लाल फुलीच्या नोंदींत 'फॉल्टिंग ॲप्लिकेशन' आणि 'फॉल्टिंग मॉड्यूल' (प्रोग्रामच्या आतली जी फाइल कोसळली ती) अशी दोन नावं असतात. प्रोग्राम वेगवेगळे पण मॉड्यूल दर वेळी एकच असेल, तर ते मॉड्यूल कुणाचं ते शोधा. बऱ्याचदा ते अँटीव्हायरसचं किंवा प्रिंटरचं निघतं.

कागदावरची नावं खरोखरच रोज बदलत असतील तर कॅबिनेट उघडा. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासा, परत नीट बसवा. प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर वरून फुगलेत का बघा. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांना हा रोग होता. रॅम तपासायला मेमटेस्टची सीडी रात्रभर चालू ठेवा. एकही लाल ओळ आली तर दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं. संगणक चालू केल्यावर तारीख मागे गेलेली दिसते का तेही पाहा. तसं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला; तारीख चुकली की लायसन्स तपासणारे प्रोग्रामही सुरुवातीलाच भांडतात.

हार्ड डिस्क टकटक करत असेल किंवा चेकडिस्कमध्ये (विंडोजच्या डिस्क तपासणीत) बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, दिसत असतील, तरीही फॉरमॅट हे उत्तर नाही. ती डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर क्लोन करून घ्या, म्हणजे फॉन्ट, लॉक, पेजमेकर सगळं आहे तसं चालू राहील. आणि या संगणकाची इंटरनेटची वायर काढलेली नसेल तर आजच काढा.