मुलगा १५ वर्षांचा आहे. सकाळी उपाशी जातो, घरी आला की चिप्स आणि कोल्ड्रिंक. काय करावं?

रात्री जेवायला भूक नाही आणि बोललं की दार आपटतो, असंही तुम्ही लिहिलंय. माझी लेक १४ वर्षांची असताना आमच्याकडे हेच चालायचं.

भाषणं मीही खूप दिली. ३३० मिलीच्या कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणून एकदा ओट्यावर तिच्यासमोर मोजली. जवळपास नऊ चमचे. तिनं ढिगाकडे पाहिलं, "अच्छा" म्हणाली आणि कॅन फोडला.

मग आठवडाभर नुसतं पाहिलं. दप्तर टाकायचं, फ्रिज उघडून उभ्या उभ्या आत बघायचं, दार लावायचं आणि फडताळातलं पाकीट फोडायचं. फ्रिजमध्ये फळं होती की! पण खालच्या कप्प्यात, न धुतलेली, पिशवीला गाठ मारलेली. वाढत्या वयातली भूक गाठ सुटेपर्यंत थांबत नाही. फळं चिरून काचेच्या भांड्यात डोळ्यांसमोर ठेवायला लागले, शेजारी सोललेली उकडलेली अंडी. बोलले काहीच नाही. चौथ्या दिवशी भांडं रिकामं (विसळलेलं नव्हतं, ती अपेक्षाही नव्हती).

सकाळी न खाणं म्हणजे दरवेळी नाटक नसतं. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं; रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी घास उतरत नाही. जबरदस्ती न करता सोबत डबा द्या. शाळेच्या कॅन्टीनमध्ये काय मिळतं तेही एकदा बघून या. तिथं पाकिटांशिवाय काहीच नसेल तर पोरानं निवडायचं तरी काय? चार-पाच पालकांनी मिळून विषय काढा, एकट्यानं काढला की कटकट ठरते.

मला साखरेपेक्षा दुधाची काळजी जास्त वाटते. ९ ते १८ वयात रोज सुमारे १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, हाडं भरायची हीच वर्षं. एका मोठ्या ग्लासभर दुधातून त्यातलं ३०० मिळतं. दुधाची जागा कोल्ड्रिंकनं घेतली की तेही जातं. दूध चालत नसेल तर दही द्या.

आणि पाकिटं एकदम बंद करू नका. मी केली होती. महिनाभरानं दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी घडी घालून ठेवलेली अकरा रिकामी पाकिटं निघाली.