वाचकांचे प्रश्न : मंडळीच्या जुन्या ट्रंकेतलं दप्तर

प्रश्न : आमच्या बॅप्टिस्ट मंडळीचे, म्हणजे आमच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चचे, जुने सेक्रेटरी गेले, घरच्यांनी त्यांच्याकडची एक पत्र्याची ट्रंक आणून दिली. आत मिनिट बुकं (सभांच्या कामकाजाच्या वह्या), बाप्तिस्म्याची नोंदवही, पत्रांची बाडं, फोटो. कमिटीत कोणी म्हणतं लॅमिनेट करून घ्या, कोणी म्हणतं स्कॅन करा आणि कागद टाकून द्या, त्याला कसर लागलीय. ताई, नक्की काय करायचं?

उत्तर : टाकू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका, हे आधी कमिटीला सांगा, बाकी सगळं नंतर. लॅमिनेशन म्हणजे तापवलेलं प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटवणं, ते पुन्हा सोडवता येत नाही आणि आतला आम्लधर्मी कागद आतल्या आत पिवळा पडत तुकडे होत जातो. सेलोटेपचंही तेच, काही वर्षांत टेप निघून जाते पण तिचा तपकिरी चिकट डाग अक्षरांवर राहतो.

आता एवढी कळकळ का ते सांगते. ज्या चर्चमध्ये बिशप असतो तिथे वरच्या ऑफिसात बऱ्याच गोष्टींचे कागद पोचलेले असतात, बॅप्टिस्टांचं तसं नाही, प्रत्येक मंडळी स्वतंत्र. पाळक कोणाला बोलवायचा, सभासद कोणाला घ्यायचं, कोणाचं नाव कमी करायचं, हे सगळं मंडळीच्या सभेत ठरतं आणि त्याच सभेच्या मिनिट बुकात लिहिलं जातं, बहुतेक वेळा दुसरी प्रत कुठेच नसते. म्हणजे तुमच्या ट्रंकेतलं ते बुक गेलं तर तेवढ्या वर्षांची मंडळीच गेली असं समजा. आणि ही बुकं सेक्रेटरीच्या घरी राहायची हेही सगळीकडचंच आहे, माणूस गेला की घर आवरताना रद्दीत जातात, तुमच्याकडच्यांनी आणून दिली हे नशीब.

कामाला लागताना ट्रंक जशी आहे तसा आधी फोटो काढा. कुठलं पत्र कुठल्या बाडात होतं, त्याच्यावर काय होतं खाली काय होतं, हा क्रम मोडू नका. तारखेप्रमाणे लावायचा मोह होतो पण सेक्रेटरींनी ती पत्रं एकत्र बांधली त्याला कारण असतं, ते बाड सोडलं की ते कारण परत सापडत नाही. मग साधी यादी करा, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, किती वह्या, कुठली वही मधेच तुटलीय. लिहायचं ते पेन्सिलीने, पेन जवळपास ठेवूच नका. टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि रबरबँड हळूच काढा. मी एक मिनिट बुक बघितलं होतं त्यात नवीन सभासदांची यादी टाचणीने लावलेली, टाचणीचा गंज चार पानं खाऊन खाली उतरलेला आणि नेमकं एका बाईचं आडनाव अर्धं गेलेलं. मागच्या-पुढच्या सगळ्या सभा शोधल्या, पुन्हा ते नाव कुठेही आलं नाही.

कसरीसाठी डांबरगोळ्या टाकू नका, त्याचा वास आणि वाफ तुमच्याच तब्येतीला वाईट. वह्या ब्रशने झटका, आम्लविरहित कागदाच्या खोक्यात ठेवा, खोकं जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. माळा नको, तळघर नको. ओल लागलेली पानं असतील तर ४८ तासांत बुरशी धरते, ती लगेच पंख्याच्या वाऱ्यावर सुकवा, उन्हात नको.

स्कॅन जरूर करा, निदान ३०० डीपीआयला आणि तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, पण स्कॅन झालं म्हणजे कागदाचं काम संपलं असं नाही. एकच उदाहरण देते. थॉमस हेल्विस म्हणून होते, इंग्लंडच्या भूमीवर पहिली बॅप्टिस्ट मंडळी १६१२ च्या सुमारास लंडनजवळ स्पिटलफील्ड्सला त्यांनी सुरू केली आणि धर्माच्या बाबतीत राजाने कोणावर सक्ती करू नये असं पुस्तक छापलं. त्याच्या एका प्रतीवर राजा जेम्ससाठी हाताने मजकूर लिहिलाय, त्यात राजा हा माणूस आहे, देव नाही असं सरळ म्हटलंय. पुढे हेल्विस लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेले आणि वारले. पुस्तक छापील आहे म्हणून ती एक प्रत कोणी टाकली असती तर ते अक्षर कुठून आणणार होतो आपण? ती प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे.

प्रश्न : जुन्या इंग्लिश बॅप्टिस्ट नोंदवहीत एकाच्या बाप्तिस्म्याची तारीख मिळालीय. तीच जन्माच्या आसपासची धरू का?

उत्तर : नाही हो, इथेच बरेच जण फसतात! बॅप्टिस्ट लोक बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, विश्वास कबूल करणाऱ्याला पाण्यात बुडवून देतात, त्यामुळे तो माणूस तेव्हा १६ चा असेल नाहीतर ६० चाही असेल. जन्म शोधायचा तर मंडळीने जन्माची वेगळी वही ठेवलीय का ते बघा. शिवाय १७४२ साली लंडनला बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि इंडिपेंडंट या तीन प्रॉटेस्टंट पंथांसाठी मिळून डॉ. विल्यम्स लायब्ररीत जन्मनोंदणी सुरू झाली, तिच्या दाखल्यांत बऱ्याचदा आईच्या माहेरचं नावही मिळतं आणि वंशावळ करणाऱ्याला याहून मोठं काय हवं. १८३७ ला सरकारी जन्मनोंदणी सुरू झाल्यावर या वह्या आणि मंडळ्यांच्या पुष्कळशा नोंदवह्या सरकारजमा झाल्या, आता त्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आरजी ४ आणि आरजी ५ या नंबरांखाली आहेत. सगळ्या मंडळ्यांनी वह्या दिल्या नाहीत, तेव्हा तिथे नाही म्हणजे नव्हतीच असं धरू नका.

प्रश्न : सेरामपूरच्या विल्यम केरींचे कागद कुठे आहेत? आगीत सगळे गेले असं ऐकलंय.

उत्तर : सगळे नाही गेले. केरी म्हणजे इंग्लंडहून आलेले बॅप्टिस्ट मिशनरी, आपल्या मराठीशी या माणसाचा जवळचा संबंध, १८०५ ला मराठी व्याकरण आणि १८१० ला मराठी शब्दकोश त्यांनी बंगालातल्या सेरामपूरला काढला, कोशातले मराठी शब्द मोडी टाइपात, आणि त्यामागे वैजनाथ पंडितांची मेहनत होती हे नाव विसरू नका. आग लागली ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी, छापखान्यात. केरी त्या दिवशी कलकत्त्याला होते. अनेक भाषांच्या शब्दकोशाचं हस्तलिखित, व्याकरणांची हस्तलिखितं, कागदाचा साठा, टाइप, सगळं जळालं. प्रेस वाचले आणि टाइप पाडायचे पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, वाचले, म्हणून वितळलेलं शिसं उकरून पुन्हा टाइप पाडता आले, पण हस्तलिखिताला असा पंच नसतो, केरींना कितीतरी काम पहिल्यापासून करावं लागलं. पत्रं मात्र इंग्लंडला गेलेली होती म्हणून ती राहिली. बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचं दप्तर आज ऑक्सफर्डला रीजंट्स पार्क कॉलेजच्या अँगस लायब्ररीत आहे, आणि सेरामपूर कॉलेजातही केरींच्या नावाची लायब्ररी आहे, तिथे जुनी छापील पुस्तकं सांभाळलीत.

अमेरिकेतही असंच झालंय. अमेरिकन बॅप्टिस्ट हिस्टॉरिकल सोसायटी १८५३ ची, १८९६ ला फिलाडेल्फियात आग लागून तिचा बहुतेक संग्रह गेला, लोकांनी घराघरांतून पुन्हा जमवला, आता तो अटलांटाला आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या मिनिट बुकात शिस्तीच्या प्रकरणांची पानं आहेत, कोण दारू प्यायला, कोणाला प्रभूभोजनापासून (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून) दूर ठेवलं. नातवंडं आजही मंडळीत आहेत. ती पानं काढून टाकू का?

उत्तर : तुमची काळजी खरी आहे पण फाडू नका. त्याच पानांवर पुढे कधीतरी तो माणूस परत घेतल्याचीही नोंद असते आणि ती वाचायचा हक्क त्याच्या नातवंडांना आहे. संबंधित माणसं आणि त्यांची मुलं हयात आहेत तोवर तेवढी वही बंद ठेवा, पाकिटावर पेन्सिलीने कुठल्या वर्षी उघडायची ते लिहा, आणि हा ठराव तुमच्या चालू मिनिट बुकात तारीख घालून सहीनिशी नोंदवून ठेवा.