दोन वर्षं परदेशात, गाडी नेरूळला: उभी ठेवावी की विकावी?

वाचकाचा प्रश्न: आम्ही दोघं जूनमध्ये नोकरीसाठी दोन वर्षं नेदरलँड्सला जात आहोत. नेरूळचा फ्लॅट भाड्याने देणार. 2020 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1200 सीसीची, 38 हजार किलोमीटर झालेत, कर्ज फिटलंय, आजवर एकही क्लेम केलेला नाही. डीलर 4 लाख 60 हजार देतोय. मिस्टरांचं म्हणणं, परत आल्यावर गाडी लागणारच, मग विकायची कशाला? बिल्डिंगखाली कव्हर घालून ठेवू, वॉचमन आठवड्यातून एकदा स्टार्ट करेल, आणि गाडी रस्त्यावरच येणार नाही तर दोन वर्षं विमाही भरायला नको. ऐरोलीचे दीर वापरायला न्यायला तयार आहेत. काय करावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. गाडी विका. दिरांना खरोखर गाडीची गरज असेल तर त्यांना विका, पण नावावर करून द्या. नेरूळच्या पार्किंगमध्ये दोन वर्षं उभी ठेवणं हा तुमच्यासमोरचा सगळ्यात महाग पर्याय आहे. विमा बंद करून उभी ठेवणं तर अजिबात नको.

विम्याचंच आधी बोलतो, कारण मिस्टरांचा सगळा हिशेब त्या बचतीवर उभा आहे. तुमच्या नोटिशीत नूतनीकरणाची रक्कम 9,800 आहे, म्हणजे दोन वर्षांचे साधारण 20 हजार वाचतील असं वाटतं. पण या पॉलिसीचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा भाग रस्त्यावरच्या अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. तुमच्या सीसीच्या गाडीला त्याचा दर 2022 मध्ये 3,416 रुपये ठरला. दुसरा भाग तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. चोरी, आग, पूर, अंगावर कोसळलेलं झाड, हे सगळं उभ्या गाडीलाही होतं आणि ते याच भागात येतं. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीत भराव घालून उभा राहिलाय. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी धारण तलावांत अडवून ओहोटीला सोडावं लागतं. 26 जुलै 2005 पाहिलेल्या माणसाला तळमजल्याच्या पार्किंगबद्दल वेगळं सांगायला नको. त्या पाण्यात साडेचार लाखांची गाडी बिनविम्याची उभी असेल आणि तुम्ही सात हजार किलोमीटरवर असाल, हे मला पटत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. पाच वर्षं क्लेम नाही म्हणजे तुमचा नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर पोचलाय. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता निम्मा होतो, इतका तो मोठा आहे. पॉलिसी संपून 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर हा बोनस शून्यावर येतो. उलट गाडी विकली, तर बोनस गाडीबरोबर जात नाही. तो मालकाचा असतो. नोंदणी खरेदीदाराच्या नावावर झाली की विमा कंपनीकडून बोनसचं पत्र मिळतं आणि साधारणपणे तीन वर्षांत घेतलेल्या पुढच्या गाडीला ते लावता येतं. म्हणजे बिनविम्याची गाडी ठेवली तर बोनस बुडतो, विकली तर टिकतो. एकच लक्षात ठेवा: सध्याची गाडी तुमच्या नावावर आहे, तर पुढचीही तुमच्याच नावावर घ्यावी लागेल. मिस्टरांच्या नावावर घेतली तर हे पत्र चालणार नाही.

आता आकडे. आज 4 लाख 60 हजार मिळणारी गाडी दोन वर्षांनी 3 लाख 40 च्या आसपास जाईल असं मी धरतो, म्हणजे घसारा 1 लाख 20 हजार. न चालवल्याने किंमत टिकते असं अनेकांना वाटतं. पण विमा कंपन्या किंमत ठरवतात तो तक्ता बघा: तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. तक्ता वर्षं मोजतो, किलोमीटर नाही. नोंदणीची 15 वर्षंही गाडी उभी असताना सरतच असतात.

विम्याचे 20 हजार. 4 लाख 60 हजार साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते तर 30 टक्के कर वजा जाऊन सुमारे 42 हजार व्याज. एजंटने पार्किंगसह फ्लॅटला महिना दोन हजार जास्त भाडं सांगितलंय असं तुम्ही लिहिता. गाडी तिथे उभी राहिली तर ते गेले, कर धरून दोन वर्षांचे साधारण 37 हजार. बॅटरी नवी, सहा हजार. ठेवण्याआधीची आणि आल्यावरची सर्व्हिस मिळून बारा हजार. टायर कंपनीतून आलेलेच आहेत, परत याल तेव्हा आठ वर्षांचे होतील. नक्षी कितीही शिल्लक असली तरी तेवढ्या जुन्या रबरावर मी एक्सप्रेसवेला जाऊ देणार नाही, त्याचे वीस हजार. बेरीज 2 लाख 57 हजार.

विकण्यालाही खर्च आहे, तो लपवत नाही. परत आल्यावर तशीच सेकंडहँड गाडी घ्याल तेव्हा डीलरचा नफा आणि नावावर करण्याचा खर्च मिळून 60-65 हजार जास्त मोजावे लागतील. तरी फरक 1 लाख 90 हजारांच्या घरात उरतो. कर मी मुद्दाम जास्त धरलाय. तुम्ही तिकडे असताना इथलं उत्पन्न फक्त भाडं आणि व्याज असेल, तर प्रत्यक्ष कर कमी पडेल आणि फरक वाढेल. (एनआरओ खातं म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं. त्याच्या ठेवीवर बँक 30 टक्क्यांहून अधिक टीडीएस कापेल. जादा कापलेला परत मिळवायचा तर दरवर्षी विवरणपत्र भरा, आळस करू नका.)

आकड्यात न बसणारी गोष्ट म्हणजे आपल्या हातची गाडी. कुठे घासली, कधी ऑइल बदललं, सगळं ठाऊक असतं आणि परक्याची गाडी घेताना हा विश्वास विकत मिळत नाही. मिस्टरांना नेमकं हेच वाटत असणार आणि ते चूक नाही. फक्त त्या विश्वासाची किंमत पावणेदोन-दोन लाख आहे, हे दोघांनी समोरासमोर बसून एकदा बोला. मुक्काम आठ-नऊ महिन्यांचा असता तर मीच ठेवा म्हटलं असतं. आणि नवी घेण्याचा विचार असेल तर सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आलाय, हेही लक्षात घ्या.

दिरांचा पर्याय मला उभ्या गाडीपेक्षा बरा वाटतो, कारण चालती गाडी निरोगी राहते. पण नुसती किल्ली देऊन जाऊ नका. नोंदणीवर तुमचं नाव असेल तर अपघाताच्या भरपाईचा दावा तुमच्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की गाडी दुसऱ्याला विकून टाकली असली, तरी नोंदणी बदलेपर्यंत कायद्याने मालक तोच. शिवाय पॉलिसीतलं मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघाती संरक्षण फक्त नोंदणीकृत मालकाला असतं. दिरांना काही झालं तर ते त्यांच्या कामी येणार नाही. नात्यात व्यवहार नको म्हणून हे बोलायचं राहून जातं आणि मग नातंच अडचणीत येतं. त्यांना बाजारभावापेक्षा 20-30 हजार कमी घेऊन द्या, पण नावावर करून द्या.

हे सगळं वाचूनही ठेवायचं ठरलं, तर नीट ठेवा. वॉचमनने आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करणं ही काळजी नव्हे, त्याने नुकसानच होतं. थंड इंजिन चालू झालं की आत पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरतं तापलं तरच ती बाहेर पडते. पाच मिनिटांत बंद केलं की ते पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये मुरतं, आणि स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला करंटही भरून निघत नाही. गाडी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालली पाहिजे, पाम बीच रोडला एक फेरी, एसी लावून, ब्रेक मारत. त्यासाठी परवाना असलेला, भरवशाचा माणूस आणि चालू विमा व पीयूसी हवं. असा माणूस नसेल तर गाडी अजिबात चालू करू नका, पूर्ण झोपवा.

झोपवायची म्हणजे काय ते सांगतो. जायच्या आठवड्यात ऑइल बदला, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल दोन वर्षं धातूला लागून राहतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि बॅटरी दिरांच्या घरी ठेवून दर महिन्याला चार्ज करायला सांगा. पूर्ण उतरलेली बॅटरी पुन्हा धड होत नाही. हँडब्रेक ओढू नका. खाडीकाठच्या दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा आणि दर महिन्याला गाडी हातभर पुढेमागे ढकलायला सांगा, नाहीतर खालची बाजू चपटी होते. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 3520 म्हणजे 2020 चा 35 वा आठवडा. आजच बघून घ्या.

पेट्रोल ही आता नवी डोकेदुखी आहे. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसह तळाशी वेगळं होऊन बसतं. गाडी अधूनमधून चालणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, आत दमट हवेला जागा राहत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत जुनं संपवून ताजं भरा. झोपवणार असाल तर चांगलं फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) घाला आणि परत आल्यावर जुनं पेट्रोल मेकॅनिककडून काढून घेतल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

आणि उंदीर. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये बॉनेटखालची वायर कुरतडणं ही रोजची तक्रार आहे आणि वायरिंग हार्नेस बदलण्याचा खर्च ऐकून माणूस हबकतो. गाडीत बिस्किटाचा चुरासुद्धा ठेवू नका. सायलेन्सरच्या आणि एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी बसवा आणि ‘जाळी काढल्याशिवाय सुरू करू नये’ अशी चिठ्ठी स्टेअरिंगला बांधा. उंदरांमुळे झालेलं नुकसान पॉलिसीत धरतात का, हे कंपनीला लेखी विचारा. कव्हर कापडी, हवा खेळणारं घ्या. प्लास्टिकखाली एका पावसाळ्यात सीटवर बुरशी येते.

विकायचं ठरलं तर मे महिना हातात आहे आणि एक काम आजच करा: आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, काढून बघा. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं मी फार वेळा बघतो. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन आरटीओत बोजा उतरवल्याशिवाय एमएच-43 ची ती गाडी कुणाच्याच नावावर होणार नाही. थकलेली ई-चलानं भरा, फास्टॅग देणाऱ्या बँकेकडून बंद करून घ्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करताना तारखेची जागा कोरी सोडू नका. डीलर आरटीओकडे अधिकृत म्हणून नोंदलेला आहे का, ते विचारा. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनुसार अशा डीलरला गाडी दिल्याची सूचना पोर्टलवर गेली की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. गाडी सोपवल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली पावती घ्या. पैसे बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे. घरच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ती चिंता नको.

नाव बदललं की नाही ते परिवहनच्या ॲपवर तिकडे बसूनही दिसेल. विमा कंपनी बोनसचं पत्र देताना बदललेल्या आरसीची प्रत मागते आणि एकदा गाडी हातात पडली की डीलर ती पाठवायला महिने लावतात. म्हणून डीलरने आपले पाच-दहा हजार रुपये ती प्रत तुमच्या हातात येईपर्यंत दिरांकडे अनामत ठेवायचे, अशी अट सौद्यातच घाला.