वाचकांचे प्रश्न : कोऱ्या अहवालावर किती विसंबावे?

प्रश्न : आठ वर्षे वापरलेली एक मोटार मला पसंत पडली आहे. मालकाने स्वतःहून वाहन-इतिहास अहवालाची छापील प्रत दिली असून तीत अपघाताची एकही नोंद नाही आणि मालकही एकच दाखवला आहे. एवढ्यावर व्यवहार पक्का करावा, की मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी? अहवालात नेमके काय पाहायचे, हेही कृपया सांगावे.

उत्तर : तपासणी अवश्य करून घ्यावी. अहवाल तयार करणाऱ्या संस्थेने ती गाडी कधी पाहिलेली नसते. नोंदणी कार्यालये, विमा कंपन्या, तपासणी केंद्रे आणि सर्व्हिस सेंटरे यांच्याकडून तिच्यापर्यंत जी माहिती पोहोचते, तीच ती एकत्र मांडते. एखाद्याने गाडी खांबावर आदळली, विम्याचा दावा न करता ओळखीच्या गॅरेजमध्ये रोख पैसे देऊन डेंटिंग-पेंटिंग करून घेतले, तर त्या अपघाताचा मागमूस कोणत्याही अहवालात सापडणार नाही. शिवाय घटना घडल्यानंतर तिची नोंद व्हायलाही काही काळ जातो. म्हणून ‘अपघाताची नोंद नाही’ एवढ्यावरून ‘अपघात झालाच नाही’ असे मानणे धोक्याचे आहे.

मालकाने दिलेली प्रत जुनी असू शकते, क्वचित फेरफार केलेलीही असू शकते. त्यामुळे थोडा खर्च सोसून अहवाल स्वतः मागवावा. त्यासाठी चासी नंबर कागदावरून न घेता गाडीवरून उतरवून घ्यावा. 1980 च्या दशकापासूनच्या बहुतेक मोटारींना सतरा अक्षरे-अंकांचा क्रमांक असतो आणि एक व शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत. हा क्रमांक बहुधा पुढच्या काचेखाली, दाराच्या चौकटीवर आणि चासीवर आढळतो. सर्व ठिकाणचा क्रमांक एकमेकांशी आणि नोंदणीच्या कागदांशी तंतोतंत जुळला पाहिजे. पट्टी उचकटलेली किंवा अंक खरवडलेले दिसले, तर पुढची बोलणी थांबवावीत, कारण चोरीच्या गाडीवर तशाच दुसऱ्या गाडीचा क्रमांक चढवण्याचे प्रकार घडतात आणि अशा वेळी अहवाल दुसऱ्याच गाडीचा, अगदी निष्कलंक, हाती येतो.

अहवालातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वेळोवेळी नोंदलेले ओडोमीटरचे आकडे, आणि नेमका तोच भाग घाईत वाचला जातो. सगळे आकडे तारखेनुसार एका कागदावर उतरवून काढावेत. समजा, 2019 मध्ये 62 हजार, 2020 मध्ये 75 हजार आणि 2021 मध्ये 41 हजार किलोमीटर अशी नोंद आहे. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा 99 हजारांवर गेला असेल, तर मधली नोंद बहुधा लिहिणाऱ्याची चूक असावी. परंतु तिथून पुढे 52 हजार, 63 हजार असा क्रम सुरू झाला असेल, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय बळावतो. सातत्याने वर्षाला बारा-पंधरा हजार धावणारी गाडी एकाएकी दोन हजारांवर आली, तर ती का उभी होती, हे मालकाला स्पष्ट विचारावे. डिजिटल मीटरही बदलता येतो. मात्र अनेक गाड्यांत धावेचा आकडा इतर नियंत्रण-यंत्रणांतही साठलेला असतो आणि जाणकार मेकॅनिक तो स्कॅनरवर वाचू शकतो. ब्रिटनमध्ये अनिवार्य तपासणीच्या वेळचे हे आकडे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ही सोय सर्वत्र व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

दुसरे, नोंदणीचे ठिकाण कधी बदलले तेही पाहावे. पुरात बुडालेली किंवा विमा कंपनीने पूर्ण निकामी ठरवलेली गाडी डागडुजी करून दूरच्या प्रदेशात नव्याने नोंदवली, की तिथल्या नियमांनुसार तो शिक्का कागदांवरून गळून पडू शकतो. अमेरिकेत या चलाखीला आळा घालण्यासाठी राष्ट्रीय नोंदप्रणालीची तरतूद 1992 च्या कायद्याने करावी लागली. मोठ्या पुरानंतर लगेच दूरच्या प्रदेशात गेलेल्या गाडीचे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाचे डाग तपासावेत, सतरंजीखाली हात घालून पाहावा आणि सीटच्या बोल्टांवरचा गंजही नजरेखालून घालावा.

प्रश्न : दुसऱ्या एका गाडीच्या अहवालात एक अपघात दाखवला आहे, पण दुरुस्तीची सर्व बिले उपलब्ध आहेत. ती सोडून द्यावी का?

उत्तर : केवळ त्या एका ओळीसाठी सोडू नये. मागचा बंपर आणि डिकीचे झाकण बदलल्याची बिले असलेली गाडी मला कागद कोरे असलेल्या गाडीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. सांगाडा वाकला होता का आणि एअरबॅग उघडल्या होत्या का, या दोन गोष्टींवर निर्णय घ्यावा. इग्निशन चालू करताच एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर बिघाड लपवण्यासाठी तो काढून टाकला असण्याची शक्यता असते. अहवाल मेकॅनिकच्या हाती द्यावा, म्हणजे कुठला भाग उघडून पाहायचा हे त्याला आधीच कळेल. रंगाची जाडी मोजणारे उपकरण असेल, तर पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेल्या जागेचा आकडा शेजारच्या पत्र्याच्या कितीतरी पट येतो.

कंपनीने सदोष भागासाठी गाडी परत बोलावली असेल आणि ते काम राहिले असेल, तर ते अधिकृत केंद्रात बहुधा विनाशुल्क करून मिळते. व्यवहारापूर्वी मालकाकडूनच करून घ्यावे. कर्जाचा बोजा उतरल्याचे मूळ पत्र हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये, आणि बोजाची नोंद पैसे देण्याच्या दिवशी पुन्हा एकदा तपासावी.