टाळेबंदी आणि जुनी गाडी : वाचकांचे प्रश्न

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी सुरू झाल्यापासून या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांचा विषय एकच होता. जपून ठेवलेली जुनी गाडी गॅरेजमध्ये उभी आहे आणि मालकाचा जीव तिच्यात अडकला आहे, तेव्हा ती थोडी फिरवून आणावी की नाही? नियम प्रत्येक देशात वेगळे होते, कित्येक ठिकाणी ते जिल्ह्यागणिक वेगळे होते आणि वरचेवर बदलतही होते. त्यामुळे कोठे काय चालते याची जंत्री येथे दिलेली नाही. आपल्या प्रशासनाचा ताजा आदेश वाचकांनी तेव्हा स्वतः वाचायचा होता. आदेशात स्पष्ट उत्तर सापडत नसेल तर विचार कोणत्या दिशेने करावा, एवढेच त्या काळात दिलेल्या या उत्तरांत सांगितले आहे.

प्रश्न : माझ्याकडे सत्तरच्या दशकातील उघड्या टपाची दोन आसनी गाडी आहे. पहाटे रस्ते मोकळे असतात. मी एकटाच निघतो, कोठे थांबत नाही, कोणाशी बोलत नाही आणि तासाभरात परत येतो. यात संसर्ग कोणाला होणार? मग ही बंदी मला कशासाठी?

उत्तर : सगळे आपल्या मनासारखे घडले, तर आपल्या फेरीने कोणालाही संसर्ग होणार नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ. अडचण त्या ‘तर’मध्ये आहे. पन्नास वर्षांच्या गाडीचा मालक म्हणून फॅन बेल्ट तुटणे, पेट्रोल पंप दगा देणे, पॉइंट चिकटणे हे प्रकार आपल्याला नवे नसतील. एरवी अशा वेळी रस्त्यावरचे चार लोक मदतीला येतात, गप्पा होतात आणि तो दिवस आठवणीत राहतो. टाळेबंदीत मात्र तेच चार लोक बॉनेटवर एकत्र वाकतात. टोइंगवाला येतो, त्याच्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसून आपल्याला घर गाठावे लागते आणि त्याच केबिनमध्ये त्याने दिवसभरात आणखी कोणाकोणाला बसवलेले असते. गाडीत एकटे असण्याचा हिशेब गाडी चालू असेपर्यंतच खरा ठरतो.

दुसरी गोष्ट अपघाताची. तीन बिंदूंचा सीटबेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये आणला आणि तो सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. अनेक जुन्या गाड्यांत कमरेचा पट्टा तेवढा असतो, काहींत तोही नसतो. डोक्याला आधार नाही, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या रोखाने आलेला, ड्रम ब्रेक एका बाजूला ओढणारे, अशा गाडीत ज्या धडकेने नव्या गाडीतला माणूस खरचटून बाहेर येतो, त्याच धडकेने आपण रुग्णालयात पोहोचू शकतो. मोकळ्या रस्त्यावर वेग आपसूक वाढतो, हे वेगळे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ही साथ जागतिक महामारी असल्याचे जाहीर केल्यापासून रुग्णालयातील एकेका खाटेचा हिशेब चालू होता, आणि हौसेच्या फेरीत मोडलेल्या हातासाठी त्यातली एक खाट अडवणे कोणालाच रुचणारे नव्हते.

तिसरे कारण थोडे रुक्ष असले तरी तेच सर्वांत वजनदार आहे, असे मला वाटते. चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला प्रत्येक चालकाचा प्रामाणिकपणा तपासता येत नाही. त्याला फक्त एवढेच विचारता येते की, आपण कोणत्या कामासाठी निघालात? नियम कामावर आखलेला असतो, माणसाच्या सावधपणावर आखलेला नसतो. प्रत्येकाने स्वतःला सावध माणसांत गणले, तर घरी राहायला कोणीच उरणार नाही.

हौसेच्या प्रवासावर बंदी येण्याची ही पहिली वेळ नाही, हेही ध्यानात घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने सामान्य खासगी मोटारींना मिळणारा पेट्रोलचा मूळ कोटा १९४२ मध्ये बंद केला आणि तो १९४५ मध्ये परत सुरू झाला. अमेरिकेच्या पूर्वेकडील १७ राज्यांत जानेवारी १९४३ मध्ये केवळ मौजेसाठी गाडी चालवण्यास मनाई झाली. त्या काळात अनेक मालकांनी गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून, चाके मोकळी सोडून, कापडाखाली झाकून ठेवल्या. युद्धापूर्वीच्या ज्या गाड्यांचे आज आपण कौतुक करतो, त्यांतल्या कित्येक हा मुक्काम सोसून आल्या आहेत. काही महिन्यांच्या विश्रांतीने आपली गाडी खचणार नाही, ही खात्री त्यातून घेता येईल.

प्रश्न : गाडी उभी राहिली की खराब होते, म्हणून दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवा, असे आमचे मेकॅनिक सांगतात. ते तरी करावे ना? आणि दहा मिनिटांनी भागत नसेल, तर जवळपास एक फेरी मारणे ‘आवश्यक देखभाल’ धरता येईल का?

उत्तर : हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु जागेवर दहा मिनिटे चालवलेले इंजिन न चालवलेल्या इंजिनापेक्षा बहुधा अधिक वाईट स्थितीत बंद होते. एक लिटर पेट्रोल जळाले की वाफेच्या रूपाने जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापले असतील, तर ही वाफ धुराबरोबर बाहेर पडते. ते अर्धवट तापलेले असताना चावी फिरवली, तर तीच वाफ थंड होऊन सायलेन्सरच्या पोटात साचते आणि पत्रा आतून गंजवते. थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल भरण्याचे झाकण उघडून आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. पांढरट-पिवळसर, मलईसारखा थर हाताला लागला, तर तो अशाच छोट्या फेऱ्यांचा पुरावा असू शकतो.

त्यात चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या दांडीची, भर पडते. चोक ओढलेला असताना सिलिंडरमध्ये जादा पेट्रोल जाते, ते भिंतींवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढते आणि झिरपत ऑइलच्या टाकीत उतरून ऑइल पातळ करते. मुळात इंजिनाची सर्वांत जास्त झीज होते ती थंड अवस्थेत सुरू होताना. म्हणजे दर रविवारी आपण झिजेचा क्षण तेवढा मुद्दाम घडवून आणतो आणि ज्या पूर्ण तापलेल्या धावेमुळे इंजिनाचे भले होते, ती टाळतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइडने जीवच जाऊ शकतो. त्या वायूला वास नसतो आणि डोके जड झाल्याचे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

जवळपासच्या फेरीबद्दलही हेच म्हणावे लागेल. पाण्याच्या काट्यापेक्षा ऑइल बरेच उशिरा तापते, म्हणून गल्लीला वळसा घालून येण्याने काही साधत नाही, आणि साधेल एवढी लांब फेरी ही टाळेबंदीत करण्याजोगी फेरी नव्हे. ‘गाडीला गरज आहे’ हे कारण यंत्राच्या कसोटीवर टिकत नाही. गरज असते ती मालकाला. ती मीही समजू शकतो, फक्त तिला देखभाल म्हणू नये.

मग करावे काय? ऑइल जुने असेल आणि बदलण्याचे सामान घरातच असेल, तर ते बदलून गाडी तशीच ठेवावी, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल साचलेले असते. ज्यांच्या गाडीला हँडल आहे, त्यांनी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑइलचे काही थेंब सोडावेत आणि अधूनमधून गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून हँडलने इंजिन हळू फिरवावे. पेट्रोलची टाकी शक्यतो भरलेली असावी, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवा राहत नाही. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा ओढून घेते, म्हणून ही काळजी अधिक. तथापि केवळ त्यासाठी पंपावर जाऊ नये. उंदीर असलेल्या जागी धुराड्याच्या नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा आणि तो घातल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी.

हँडब्रेक मात्र आजच सोडा. ओढून ठेवलेला हँडब्रेक दमट हवेत ब्रेक शूला, म्हणजे ड्रमच्या आत दाबून चाक रोखणाऱ्या पट्टीला, ड्रमशी असा चिकटवतो की पुढे चाक काढून, ड्रमवर हातोडीने ठोकत बसावे लागते. गाडी सपाट जागी ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. क्लच प्लेटही अशीच फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, धरून बसते. त्यावर जुन्या मंडळींचा उपाय म्हणजे क्लचचे पेडल पूर्ण दाबून, पेडल आणि सीट यांच्यामध्ये मापाची लाकडी पट्टी अडकवून ठेवणे. हायड्रॉलिक क्लच असल्यास सील सतत दाबाखाली राहतात, म्हणून अशा गाडीत पट्टी न लावता आठवड्यातून काही वेळा पेडल दाबून सोडणे बरे. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरावी, टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नये, आणि गाडी गॅरेजमध्येच वीतभर पुढे-मागे ढकलत राहावी, म्हणजे टायर एकाच जागी चपटे होत नाहीत.

प्रश्न : गाडी बंद राहिल्यामुळे बॅटरी उतरते. निदान बॅटरीसाठी तरी इंजिन चालू करावे लागेल ना?

उत्तर : त्यानेही बॅटरी भरत नाही. आपल्या गाडीला डायनॅमो असेल, तर इंजिन मंद चालताना तो जेमतेम काही देतो, आणि सेल्फ मारण्यात जेवढी वीज गेली तेवढीही जागेवर उभ्या गाडीत परत येत नाही. लेड-ॲसिड बॅटरी आपोआपही हळूहळू उतरते, डॅशबोर्डवरचे घड्याळ तिला आणखी उतरवते आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट जमून ती कायमची निकामी होते. मीटर असल्यास काही तास विश्रांती दिलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे माप घ्यावे. ते १२.६ च्या आसपास असेल तर काळजी नाही, १२.४ च्या खाली गेले तर चार्ज करावी. बॅटरी भरल्यावर स्वतःहून थांबणारा चार्जर सर्वांत चांगला. साधा चार्जर लावून विसरून गेल्यास बॅटरीतले पाणी उकळून जाते.

चार्जर नसेल तर बॅटरी सोडवून ठेवावी. सोडवताना गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार आधी काढावी, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. येथे एक जुनी खोच आहे. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत सांगाड्याला ऋण टोक नसून धन टोक जोडलेले असते, म्हणून सवयीने ऋण तारेला हात घालण्याआधी कोणती तार सांगाड्याला जाते ते डोळ्यांनी पाहावे. कित्येक गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. त्यांना १२ व्होल्टचा चार्जर लावू नये.

प्रश्न : आमच्या घरात दुसरी गाडीच नाही. साठच्या दशकातील सेडान हीच आमची गाडी. औषधे आणि किराणा आणायला ती बाहेर काढली की लोक आम्हाला हौशी समजून टोकतात.

उत्तर : आपण खुशाल जावे. आदेश कामाकडे पाहतो, त्याला गाडीच्या वयाशी कर्तव्य नाही. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे ‘फिवा’च्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचे, मूळ स्वरूपात जपलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे असते. त्या हिशेबाने आपली सेडान ऐतिहासिक ठरत नाही, ती घरची गाडी ठरते. मात्र दुकान जवळचे निवडावे, सर्व सामान एका खेपेत आणावे आणि निघण्यापूर्वी बेल्ट, पाणी, ब्रेक पाहावेत, कारण बंद पडण्याची आपली शक्यता इतरांपेक्षा अधिक आहे. हीच सवलत घरात नवी गाडी असताना ‘आज किराणा जुन्या गाडीतून आणू’ म्हणणाऱ्यांनी घेऊ नये. तसे एक पत्रही आले आहे, त्यांना हेच उत्तर.

प्रश्न : गाडी वापरात नाही, तर विमा बंद करून पैसे वाचवावेत का? कागदपत्रांची मुदतही संपत आली आहे.

उत्तर : विमा बंद करू नये. आग आणि चोरी गॅरेजमध्येही होते. उभ्या गाडीसाठी मर्यादित संरक्षण देणारी पॉलिसी कोठे कोठे मिळते. तशी पॉलिसी घेतल्यास ती चालू असेपर्यंत गाडी रस्त्यावर आणता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. कागदपत्रांबाबत २०२० मध्ये अनेक सरकारांनी सवलत दिली होती. ३० मार्च २०२० पासून देय होणाऱ्या वार्षिक तपासणीला ब्रिटनने सहा महिन्यांची मुदतवाढ दिली, आणि १ फेब्रुवारीनंतर मुदत संपलेली वाहनांची कागदपत्रे ३० जूनपर्यंत वैध मानावीत, असे भारत सरकारने त्याच ३० मार्चला कळवले. आपल्याकडची तारीख अधिकृत आदेशातच पाहावी.

प्रश्न : आमच्या क्लबमधील एक ज्येष्ठ सदस्य दर आठवड्याला आपल्या फेरीची छायाचित्रे गटात टाकतात. तक्रार करावी का?

उत्तर : आधी फोन करावा, तोही गटात न बोलता एकट्याने. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत टोकले की तो चुकीला अधिकच चिकटून बसतो. टाळेबंदीत काढलेली फेरीची छायाचित्रे गटात घेतली जाणार नाहीत, असे क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी कोणाचे नाव न घेता कळवावे. माझ्या अंदाजाने एवढ्याने काम होईल, कारण अशा फेऱ्यांतली निम्मी गोडी दाखवण्यात असते. अमेरिकेत १९५० पासून भरणाऱ्या पेबल बीचसारख्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या आयोजकांनी २०२० चे प्रदर्शन रद्द केले होते, तेव्हा एका क्लबला छायाचित्रे थांबवणे जड जाऊ नये. इतके करूनही फेऱ्या चालूच राहिल्या, तर प्रशासनाला कळवणे हा आपला अधिकार आहे, आणि तो वापरावा की नाही हे आपणच ठरवावे.

प्रश्न : निर्बंध उठल्यावर पहिल्या दिवशी काय पाहावे?

उत्तर : इंजिनाआधी ब्रेक. पेडल दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी हलवू नये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते जुने असल्यास बदलावे. गाडीखाली कागद पसरून गळती पाहावी, पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून भेगा तपासाव्यात, टायरमधली जादा भरलेली हवा नेहमीच्या मापावर आणावी आणि धुराड्याच्या नळीतला बोळा काढावा. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून गेलेले असते, त्यामुळे गाडी पटकन सुरू होत नाही म्हणून सेल्फ मारत राहू नये. पंपाला हाताने चालवण्याची दांडी असेल तर तिने वाटी भरून घ्यावी. पहिली फेरी घराजवळचीच ठेवावी. परत आल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन उष्णता अजमावावी. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेले असेल, तर तेथे शू अजून धरतो आहे. ते चाक उघडून पाहिल्याशिवाय दुसरी फेरी काढू नये.