ज्यू धर्मातल्या नियमांमागे काही शास्त्रीय कारण आहे का?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. डुक्कर न खाणं, दूध-मांस एकत्र न करणं हे नियम मुळात आरोग्यासाठीच केले असतील का, असं तुम्ही विचारलंय. लहानपणी मीही आजीला हेच विचारलं होतं, कोळंबीवरून. मासा घेताना आजी शेपटीकडून डोक्याकडे अंगठ्याचं नख फिरवायची. खवला सुटून नखावर आला की मासा पिशवीत. कोळंबीला ना पर, ना खवले. "आपल्याला चालत नाही," एवढंच तिचं उत्तर. कोकणात आमच्या लोकांना ज्यू म्हणून डेव्हिड रहाबी या बाहेरून आलेल्या ज्यू माणसाने ओळखलं ते पर-खवले नसलेलं न खाण्याच्या याच खुणेवरून, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

काही कारणं तोराच (मोशेने दिलेला आमचा मूळ धर्मग्रंथ) देते. गच्चीला कठडा बांध, नाहीतर कुणी पडून मरेल. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, पाळ, म्हणजे तुझ्या दास-दासींनाही विसावा मिळेल. पण लोकर आणि लिनन एकत्र विणलेलं कापड का घालायचं नाही, हे कुठेच सांगितलेलं नाही. अशा नियमांना ‘हुक्कीम’ म्हणतात.

रामबाम, म्हणजे मायमोनिडीस (1138–1204) हा ज्यू धर्मपंडित, स्वतः वैद्य होता. डुकराचं मांस चाललं असतं तर घरं आणि रस्ते उकिरड्यासारखे झाले असते, असं त्याने लिहिलंय. दूध-मांसाच्या बंदीमागे मूर्तिपूजकांचा एखादा विधी असावा, असाही त्याचा अंदाज होता. पण यज्ञात अमुक इतकीच कोकरं का, याचं कारण शोधत बसू नका, कुठला तरी आकडा ठरवावाच लागतो, हेही तोच सांगतो. मला त्याचं हे म्हणणं सगळ्यात जास्त पटतं.

आरोग्याचं कारण मात्र मला पटत नाही. 1835 साली लंडनमध्ये माणसाच्या स्नायूत ट्रिकिनेला हा कृमी सापडला, पुढे त्याचा डुकराच्या मांसाशी संबंध कळला, आणि लोक म्हणू लागले, बघा, मोशेला आधीच माहीत होतं! मग त्याच यादीत उंट आणि ससा का आहेत? अबार्बनेल या ज्यू भाष्यकाराने तर त्याच्या कितीतरी आधीच विचारलं होतं, डुक्कर खाणारे शेजारी धडधाकट आहेत, त्याचं काय? आणि उद्या औषध निघालं की नियम संपला?

तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात, याच धोक्याची गोष्ट आहे. राजाने फार बायका करू नयेत, त्याचं मन भरकटेल, असं तोरात कारणासकट लिहिलंय. शलमोन राजा म्हणाला, मी करीन आणि भरकटणार नाही. तो भरकटलाच.

जुन्या रब्बींचं एक म्हणणं मला फार आवडतं. ‘मला डुक्कर आवडत नाही’ असं म्हणू नये. ‘आवडलं असतं, पण माझ्या स्वर्गातल्या पित्याने मना केलंय, काय करणार’ असं म्हणावं. आजीचं ‘चालत नाही’ मला इथे कळलं.

आमच्याकडे मटणाच्या रश्श्यात आजही दही नाही, नारळाचं दूध पडतं. त्याआधी मटण अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीनदा धुवायचं, रक्त राहू नये म्हणून. याचं कारण तोरातच आहे: जीव रक्तात असतो.