दूध पिताना बाळाचे डोळे नाकाकडे जातात

प्रश्न : लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. नातू पाच आठवडे आधी जन्मला, वजन २१०० ग्रॅम होतं. आता अकरा आठवड्यांचा आहे. दूध पिताना मधूनच त्याचे दोन्ही डोळे नाकाकडे सरकतात आणि क्षणात जागेवर येतात. विहीणबाई म्हणाल्या, पाळण्यावरचं चिमणाळं फार खाली बांधलंय, पोर तिरळं होईल. मी ते सोडून ठेवलं. बरोबर केलं ना? – एक आजी, कराड

उत्तर : आजी, चिमणाळं आधी परत बांधा. त्याच्याकडे बघून कुणी तिरळं होत नाही.

जन्मतः बाळाला त्यातल्या त्यात नीट दिसतं ते साधारण वीतभर, फार तर दीड वीत अंतरावरचं. म्हणजे मांडीवर घेतल्यावर आईचा चेहरा. जवळचं बघायला डोळ्यातल्या भिंगाला जोर लावावा लागतो, आणि त्याच वेळी दोन्ही डोळे थोडे आत वळावे लागतात. ही जोडगोळी अजून जुळायची असते. सुरुवातीला बाळ अंदाजानं जोर लावतं, कधी जास्तच लागतो. मग डोळे नाकाकडे जातात. काही बाळांचे बाहेरही भरकटतात. दोन-तीन महिन्यांत हे कमी होतं आणि तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान दोन्ही डोळ्यांची चित्रं एकत्र जुळून खोली कळू लागते. समोर धरलेल्या खुळखुळ्यावर हात नेमका पडू लागतो.

आणि तुमचा नातू कागदावर अकरा आठवड्यांचा असला तरी डोळ्यांच्या हिशेबात सहाच आठवड्यांचा आहे. लवकर आलेल्या बाळाचं वय ठरल्या तारखेपासून मोजतात. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मला असता, तर महिन्याच्या आत डोळ्याच्या पडद्याची तपासणी करा म्हटलं असतं. तुमचा तसा नाही. तरी बाळाला प्राणवायू किंवा काचपेटी लागली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या.

माझ्या लेकीच्या वेळी, डोळ्यांची डॉक्टर असूनही, मी रात्री अडीचला मोबाइलचा टॉर्च लावून तिची बुबुळं बघत होते. नवरा म्हणाला, झोपू दे तिला. पण युक्ती चांगली आहे. उजेड डोळ्यांत मारू नका, बाळाकडे समोरून फ्लॅशचा एक फोटो काढा. उजेडाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत सारख्याच जागी असेल, तर डोळे सरळ आहेत. नाकाचा दांडा रुंद असला की सरळ डोळेही आत वळल्यासारखे भासतात, आणि आपल्याकडे पुष्कळ बाळांचा तो तसाच असतो.

फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, किंवा एखादा डोळा सतत वाकडाच राहिला, तर वय न बघता नेत्रतज्ज्ञाकडे जा. अधूनमधून सरकणंही हिशेबाच्या चार महिन्यांनंतर, म्हणजे तुमच्या घरी जन्मापासून पाच महिने उलटल्यावर, चालू राहिलं तर दाखवा. ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून थांबलेली मुलं मी सहा-सात वर्षांची बघते. तोवर मेंदूनं वाकड्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडलेलं असतं.

काजळाचं विचारलं नाहीत, पण घालत असाल तर डोळ्यांत नको. तीट गालावर लावा.